बालदमा, पांढऱ्या पेशी आणि पंप सोडवण्याचा सल्ला

मुलांच्या दम्याविषयीचा एक संदेश पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत पुन्हापुन्हा येतो. त्याचा आशय असा : दमा म्हणजे कमजोर प्रतिकारशक्ती आणि शरीरात साचलेले फ्री रॅडिकल (पेशींना इजा करू शकणारे अस्थिर रेणू), मुलाला ते निकामी करणाऱ्या अँटिऑक्सिडंट गोळ्या व काढे देऊन पांढऱ्या पेशी वाढवा आणि सवय लावणारा स्टेरॉइडचा पंप बंद करा. यातले फ्री रॅडिकलचे विधान अर्धे खरे आहे, आणि त्याच्याच आधारावर बाकीची खपून जातात.

दमेकरी मुलाची प्रतिकारशक्ती सहसा कमजोर नसते. ती नको तिथे जागी असते. ॲलर्जिक दम्यात घरातल्या धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म किडे) किंवा बुरशी यांच्याविरुद्ध ती उठते आणि इंटरल्यूकिन-५ या प्रथिनाच्या प्रभावाखाली इओसिनोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी श्वासनलिकांच्या अस्तरात गोळा होतात. त्या वाढवणे तर दूरच, तीव्र इओसिनोफिलिक दम्याच्या ६ वर्षांवरील मुलांना मेपोलिझुमॅबचे इंजेक्शन देतात ते त्या कमी करण्यासाठीच. अर्थात, रक्ताच्या अहवालात इओसिनोफिल जास्त दिसले म्हणजे दमाच, असेही नाही. आपल्याकडे जंतांमुळेही ते वाढतात. शिवाय स्टेरॉइड पोटात दिल्यावर पांढऱ्या पेशींची एकूण संख्या काही दिवस वाढलेली दिसते, ती जंतुसंसर्गाची खूण असेलच असे नाही.

आता अर्ध्या सत्याकडे. श्वासनलिकेत जमलेल्या या पेशी सुपरऑक्साइड हे फ्री रॅडिकल तयार करतात, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते, आणि इओसिनोफिलमधले पेरॉक्सिडेझ हे विकर ब्रोमाइडच्या साहाय्याने त्याचे हायपोब्रोमस आम्ल करते. न्यूट्रोफिल या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी याच रीतीने क्लोराइडपासून हायपोक्लोरस आम्ल, म्हणजे ब्लीचमधले क्रियाशील द्रव्य, बनवतात. त्याने अस्तराला इजा होते, हे खरेच. पण ही द्रव्ये कुठे साचून राहिलेली नसतात. ती अत्यंत अल्पजीवी असतात; तिथल्या पांढऱ्या पेशी ती सतत नव्याने बनवत असतात. आणि ही द्रव्ये मुळातच शत्रू नव्हेत : क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या जन्मजात आजारात पांढऱ्या पेशींना सुपरऑक्साइड पुरेसे बनवता येत नाही, आणि त्या मुलांना जिवाणू व बुरशीचे गंभीर संसर्ग वारंवार होतात.

गोळ्यांच्या बाजूने दाखवण्याजोगा एक अभ्यास आहे. मेक्सिको सिटीतल्या १५८ दमेकरी मुलांवरील, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत क आणि ई जीवनसत्त्व घेणाऱ्या मुलांच्या फुफ्फुसांवर प्रदूषित हवेतल्या ओझोन वायूचा दुष्परिणाम कमी दिसला, विशेषतः मध्यम ते तीव्र दमा असलेल्यांत. मात्र पंप थांबवून गोळ्या देता येतील का, हा त्या चाचणीचा प्रश्नच नव्हता. दम्यात या दोन जीवनसत्त्वांची एकत्रित पूरक मात्रा उपयोगी पडते असे म्हणायला पुरेसा आधार २०१४च्या कॉक्रेन आढाव्यालाही (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा आढावा) सापडला नाही.

पंपाविषयीची भीती मात्र पूर्णपणे निराधार नाही, म्हणून ती झटकून टाकू नये. अमेरिका-कॅनडातल्या ५ ते १२ वर्षांच्या १,०४१ मुलांच्या अभ्यासात काही वर्षे रोज ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड पंपाने ओढलेल्यांची प्रौढपणीची उंची औषधाविना नुसता पंप मिळालेल्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. म्हणूनच डॉक्टर दमा आटोक्यात ठेवणारी किमान मात्रा शोधतात आणि दर भेटीत उंची मोजतात. सवयीचा आरोप मात्र चुकीचा आहे : औषध मनाने थांबवल्यावर त्रास परततो तो आतली सूज परतल्यामुळे. ओढायचे स्टेरॉइड नियमित घेतल्यावर श्वासनलिकांतले इओसिनोफिल घटतात, म्हणजे संदेश ज्या द्रव्यांची भीती घालतो त्यांचा कारखानाच मंदावतो. तेच औषध बंद करा असे हा संदेश सांगतो.

फ्री रॅडिकलचा खरा बाहेरचा पुरवठा धुरातून होतो. घरातल्या कुणाची विडी-सिगारेट, चुलीचा धूर, डासांची कॉइल, दिवाळीचे फटाके यांबद्दल त्या लांबलचक संदेशात एक ओळही नाही.