'जायचं काय?' म्हणता येतं, त्याला 'हाऊ अबाऊट' येणारच

कोल्हापुरात इंग्लिश स्पीकिंगच्या पाट्यांना तोटा नाही. राजारामपुरीत फिरा, नाहीतर शिवाजी पेठेत. आत गेलं की बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवशी तेच: काळांचा तक्ता. पोरं फ्युचर परफेक्ट कंटिन्युअसपर्यंत सगळं घोकतात आणि समोर कुणी इंग्रजीत बोललं की तोंडाला कुलूप. मी संध्याकाळी अशाच मराठी शाळेतल्या पोरांना आणि त्यांच्या आयांना इंग्रजी बोलायला शिकवते, म्हणून ठामपणे सांगते. तक्ता राहू दे नंतर. आधी एक प्रश्नाचा तुकडा घ्या, 'हाऊ अबाऊट', म्हणजे आपलं 'चालेल काय?', आणि आपला अख्खा दिवस त्यात बसवा.

हाच का? इंग्रजी प्रश्न आपल्याला जिथं अडवतो, ती जागाच यात नाही. 'तू चाललास' याचा प्रश्न करायला मराठीत शब्द हलवावे लागत नाहीत, आवाज वर गेला की झालं. इंग्रजीत शब्दांची अदलाबदल करायची, वर डू, डज, डिड यातलं नेमकं उचलायचं. म्हणून 'व्हेअर आर यू गोइंग'च्या जागी 'व्हेअर यू आर गोइंग' तोंडातून निसटतं, कुणीतरी सगळ्यांदेखत टोकतं आणि ते पोर पुढं महिनाभर बोलत नाही. 'हाऊ अबाऊट'च्या पुढं नुसतं नाम ठेवलं तरी वाक्य पुरं होतं: 'हाऊ अबाऊट सम टी?' क्रियापद पाहिजे तर त्याचं आयएनजीचं रूप: 'हाऊ अबाऊट गोइंग टू रंकाळा?' कर्ता नाही, काळ नाही, डू-डज नाही.

आणि आपल्या बोलीत तर हे आधीपासून आहेच. 'चहा घ्यायचा काय?' 'रंकाळ्याला जायचं काय?' यात तरी कर्ता कुठं आहे? कोण घेणार, कोण जाणार, सगळं बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ठाऊक. 'जायचं' तिथं 'गोइंग', 'घ्यायचा' तिथं 'हॅविंग', आणि शेवटचा 'काय' उचलून पुढं आणला की झालं 'हाऊ अबाऊट'. 'जाऊया की' मधला 'की' पण त्याच सुराचा. मराठी विसरा, इंग्रजीत विचार करा, असं सांगणाऱ्यांशी माझं इथंच बिनसतं. ज्या पोराला 'जायचं काय?' म्हणता येतं त्याच्याकडं निम्मं इंग्रजी आहे. त्याला फक्त ते दाखवून द्यावं लागतं.

एक चूक मात्र हमखास होते: 'हाऊ अबाऊट टू गो'. याला कारण आपलं पाठांतर. 'टू गो म्हणजे जाणे' हे इतकं पक्कं बसलेलं असतं की तेच आधी येतं. 'अबाऊट'च्या पुढं नाम लागतं, आणि आयएनजीचं रूप नामाचं काम करतं, म्हणून 'गोइंग'. हे एकदा सांगावं आणि मग वाक्यं बोलून घ्यावीत. नियम पाठ करून घेऊ नये.

खरा धडा बघायचा असेल तर चप्पल लाइनमध्ये जाऊन उभं राहा. परवा एका दुकानात परदेशी पाहुणी आली होती. दुकानदार साठीचे, शाळा जेमतेम झालेली. त्यांनी कापशी चप्पल पुढं ठेवली: 'हाऊ अबाऊट धिस?' तिनं मान हलवली. कुरुंदवाडी काढली: 'हाऊ अबाऊट धिस वन?' ती पायात घालून बघायला लागली. भावावर गाडी अडली तेव्हा पाहुणीच म्हणाली, 'हाऊ अबाऊट नाईन हंड्रेड?' आणि दुकानदार मामांनी क्षणात परतवलं, 'हाऊ अबाऊट नाईन फिफ्टी?' सौदा तिथंच जमला. वस्तू असो, आकडा असो, वार असो, ते तीन-चार शब्द सगळं पेलतात.

'व्हॉट अबाऊट' हा त्याचा सख्खा भाऊ. सुचवण्यासाठी दोन्ही चालतात, पण अडचण पुढं आणायची तर 'व्हॉट अबाऊट'च. सगळे पन्हाळ्याला निघाले आणि 'आजीचं काय?' असं विचारायचंय, तर 'व्हॉट अबाऊट आजी?' शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फोनवर बोलणाऱ्या पोरापोरींना हा फरक रोज लागतो. 'हाऊ अबाऊट थर्सडे?' म्हणजे गुरुवारी चालेल काय. 'व्हॉट अबाऊट द ड्रॉइंग्ज?' म्हणजे ड्रॉइंगचं काय झालं.

जिथं परवानगी मागायची तिथं मात्र हे वापरू नका. साहेबांना 'हाऊ अबाऊट गिव्हिंग मी लीव्ह?' म्हटलं तर ती विनंती होत नाही, आगाऊपणा होतो. तिथं 'कुड आय टेक अ डे ऑफ?' आणि प्रश्नाबरोबर उत्तरंही शिकवा, ती शिकवायची राहूनच जातात. 'साउंड्स गुड', 'शुअर', 'नॉट टुडे, मेबी टुमारो'. नुसतं 'येस' म्हणून गप्प बसलं की बोलणं तिथंच मरतं.

राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं. एवढं शिकून पोराला इंग्रजीत कुणाला चहा विचारता येत नसेल, तर दोष पोराचा नाही, शिकवण्याच्या क्रमाचा आहे, आणि याचा मला मनापासून राग येतो. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्या गावात इंग्रजी बोलणं फी परवडणाऱ्यांच्या पोरांपुरतं राहू नये.

सर, बाई, तुमच्या वर्गात उद्याच करून बघा. फळ्यावर फक्त 'हाऊ अबाऊट' लिहा आणि विचारा, मधल्या सुट्टीत काय खेळायचं? कुणी खो-खो म्हणेल, कुणी कबड्डी. पेठेतलं पोर असेल तर दुसरं काही म्हणायचंच नाही: 'हाऊ अबाऊट फुटबॉल?'