गोल्फचं हिरवळीचं गणित

गोल्फ कोर्स पर्यावरणपूरक होऊ शकतात, हा तुमच्या लेखातला मुद्दा पटला, पण पाण्यावर दोनच ओळी? आम्हा नाशिककरांना तेवढ्यावर नाही भागत. मी द्राक्षवाला. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे 10 हजार लिटर. उन्हाळ्यात हिरवळीला रोज पाचेक मिलिमीटर धरा. 18 होलच्या, म्हणजे पूर्ण आकाराच्या कोर्सवर 20 हेक्टर गवत भिजवायचं तर दिवसाला 10 लाख लिटर! माणशी रोज 135 लिटरने सात हजारांवर लोकांचं पाणी झालं हे. गंगापूर धरणातून असं पाणी कुणी मागितलं तर मी पहिला विरोध करीन.

मात्र चंडीगडच्या गोल्फ क्लबसारखं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरलं तर माझी हरकत नाही. पास्पालम जातीचं गवत खारट पाणीही सोसतं. आम्ही बागेत ठिबकची एकेक नळी हातात धरून बघतो, कुठलं ड्रिपर चोंदलंय ते. तीच काळजी हिरवळीवर का नको? शिवाय सगळं मैदान हिरवंगार कशाला हवं? ग्रीन (खळीभोवतीचं बारीक गवत) आणि टी (पहिला फटका मारायची जागा) भिजवा, कडेचं गवत उन्हाळ्यात वाळू द्या. पाऊस पडला की ते आपसूक फुटतं.

2016 च्या दुष्काळात मैदानांना लागणाऱ्या पाण्यावरूनच मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला लावले होते. नवीन कोर्सला परवानगी देताना पाणी कुठून आणि किती, हे आधी लेखी घ्या.