माझ्यासाठी तेल कमी टाक हं

चंपाषष्ठीला आमच्याकडे सगळं खानदान जमतं. चातुर्मासात वांगं बंद, त्यामुळे मार्गशीर्षातल्या त्या षष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला रे दाखवला की सगळे वांग्यावर जे तुटून पडतात ते विचारू नका. नुसतं भरीत असतं तर मी काही बोललेच नसते. पण एवढी माणसं जमली म्हणजे वरण-बट्टी आलीच, बट्टी आली की घोटलेली वांग्याची भाजी आलीच, म्हणजे वांग्याला तोंडी लावायला परत वांगंच, आणि नानांना पातोड्यांचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा नसला तर पान सुनं वाटतं. पुण्याची जाऊबाई विचारते, यात मेन डिश कोणती? तिला काय सांगू, मलाच माहीत नाही.

आणि खरा ताप रांधण्याचा नाहीच, तेलाचा आहे. आदल्या दिवशीपासून फॅमिली ग्रुपवर सुरू होतं. नणंदबाईंचं कोलेस्टेरॉल, भाऊजींचं बीपी, मामांची अँजिओप्लास्टी झालेली, आणि प्रत्येकाचं एकच, माझ्यासाठी तेल कमी टाक हं. अहो पण रस्सा एकाच पातेल्यात होतो, त्यात तुमच्या वाट्याचं तेल वेगळं कसं काढू?

भरताची वांगी मात्र बामणोदकडचीच हवीत, हिरवी, पांढुरक्या रेघांची, बिया कमी. या जळगावच्या वांग्याला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तेव्हापासून भाजीवाला भाव सांगताना उगाच छाती काढतो. ती गॅसवर भाजायची नाहीत, गच्चीवर तुराट्या पेटवायच्या. वरून साल काळं पडून तडकतं, आतलं पाणी निखाऱ्यात चुरचुरतं, धूर बरोबर माझ्याच डोळ्यात येतो आणि पुरुषमंडळी लांबून सांगतात, फिरव फिरव, त्या बाजूनं कच्चं आहे. मग साल काढून, हिरवी मिरची-लसूण घालून लाकडी भांड्यात ठेचायचं, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि मग फोडणी. फोडणीला मी बुधली हातात घेतली की घरात एकदम शांतता. सासूबाई धुळ्याकडच्या, त्या तेवढ्या बोलतात, "तेलशिवाय भाजी ऱ्हास का माय?" म्हणजे तेलाशिवाय भाजी असते का, आणि बुधली माझ्या हातातून घेऊन स्वतःच ओततात, माझा हात आपोआप छातीवर जातो.

तरी या वर्षी मी हट्टानं डाएटवाल्यांसाठी वेगळं भरीत केलं, नावापुरतं तेल, वेगळ्या डब्यात, वर चिठ्ठी लावून.

पंगत बसली. भाऊजींनी डबा बघितला, छान केलंस म्हणाले आणि पलीकडच्या पातेल्याला हात घातला. मामांचं तर बघण्यासारखं होतं, रश्श्यात पळी अशी आडवी धरतात की काठावरून फक्त तर्री आत येते, खालचा रस्सा थेंबभर नाही, इतकी सफाई मी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरकडेही बघितली नसेल. ती लालभडक तर्री कुस्करलेल्या बट्टीवर, वरून तूप, आणि मला सांगतात, मी पातोडी खात नाही, बेसन जड पडतं. नणंदबाईंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडता मोडता सगळ्यांना ऑलिव्ह ऑइलचे फायदे सांगितले आणि तिसऱ्यांदा भाजी मागितली. पुण्याच्या जाऊबाईंना ठसका लागला, त्यांना पाणी द्यायला कुणी उठेना, कारण उठलं की मागे तर्री संपते.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर भांडी आवरायला घेतली. सगळी पातेली चाटूनपुसून साफ आणि चिठ्ठीवालं भरीत जसंच्या तसं. संध्याकाळी त्यावर मी तेलात लसूण, जिरं, लाल मिरची अशी झणझणीत फोडणी ओतली, चिठ्ठी मात्र काढली नाही. दहा मिनिटांत डबा रिकामा. मामा बोटं चाटत म्हणाले, "बघ, कमी तेलाचं पण किती चांगलं लागतं!"