सुटी कार्डं विका, सोनेरी नकोत

दुकानात पोकेमॉनची, म्हणजे त्या जपानी कार्टूनची, पोरं जमवतात नि बदलतात ती कार्डं ठेवू का, असं हल्ली बरेच दुकानवाले विचारतात, जास्त करून स्टेशनरीवालेच, कारण आमचा धंदा आता शाळा सुरू व्हायच्या आधीच्या पंधरवड्यापुरता उरलाय आणि त्यातलाही अर्धा ऑनलाइनने खाल्ला, बाकी वह्या-पुस्तकं काही शाळा स्वतःच देतात. वर्षभर झेरॉक्स आणि लॅमिनेशनवर बसायचं. माझं दुकान म्हापशात. माझं मत विचाराल तर ठेवा, बिनधास्त ठेवा. पण सीलबंद पाकिटांच्या, म्हणजे आत कुठली कार्डं आहेत ते फोडल्यावरच कळतं त्यांच्या, भरवशावर ठेवू नका आणि ती सोनेरी तर अजिबातच नकोत.

सोनेरी म्हणजे कुठली ते ज्याच्या घरात पाचवी-सहावीतलं पोर आहे त्याला सांगायला नको. प्लास्टिकची, चकचकीत, पन्नास-पंचावन्न कार्डांचा गठ्ठा, स्पेलिंग बघाल तर कधीकधी पोकेमॉनचंच चुकलेलं. होलसेलवाला न मागता आणून काउंटरवर टाकतो, मार्जिन दाखवतो, आणि खरंच खपतात. पहिला आठवडा. मग बंद. कारण त्या गठ्ठ्यात सगळीच कार्डं भारी, प्रत्येकाकडे तीच, मग कोण कोणाशी काय बदलणार? हा सगळा खेळ माझ्याकडे आहे ते तुझ्याकडे नाही यावर चालतो, आणि तेच त्या सोनेरी गठ्ठ्याने मारून टाकलंय. वर माल नकली. उद्या कंपनीची माणसं पोलीस घेऊन दारात आली तर होलसेलवाला ओळखसुद्धा दाखवणार नाही, लिहून ठेवा.

आता ओरिजिनल. इंग्रजी पोकेमॉनचा बूस्टर बॉक्स म्हणजे ३६ पाकिटं, एका पाकिटात १० कार्डं, आणि पाकिटाचा भाव काहीशे रुपये. त्यातली बहुतेक कार्डं साधी, एखादं चमकतं, आणि खरं मोठं कार्ड कधी निघेल ते ब्रह्मदेवाला ठाऊक. पोरगं हट्ट करतं, बाप पैसे देतो, तिथेच काउंटरवर पाकीट फाडतात, आणि दोघांची तोंडं बघवत नाहीत. एवढ्यात चांगला इसवण, म्हणजे सुरमई, आला असता हे बापाच्या कपाळावर लिहिलेलं असतं. परत येतील कशाला?

आमच्या बाबांनी पहिल्या दिवशीच विचारलं होतं, "अरे, हा पोरांचा मटकाच ना?" हसण्यावारी नेलं नाही मी. गोव्यात राहून हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही, आपल्याकडे आकडा लावणारा माणूस गल्लीगल्लीत सापडतो आणि मांडवीत कसिनो उभे आहेत. त्या कसिनोत २१ च्या आतल्याला सोडत नाहीत, आणि इथे आठ वर्षांचं पोर नशीब विकत घेतंय. बेल्जियमने २०१८ साली व्हिडिओ गेममधल्या लूट बॉक्सना, म्हणजे पैसे देऊन उघडायच्या, आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या पेट्यांना, जुगार ठरवलं, कागदी पाकिटाला कोणी हात लावला नाही, पण पालकाला फरक समजावून सांगा बघू. मी सांगू शकत नाही.

म्हणून सुटी कार्डं.

मोठी माणसं कार्डं जमवतात हे आधी मला खोटं वाटायचं. पण आसगाव, शिवोली, हणजूण भागात लॅपटॉपवर काम करणारी जी मंडळी येऊन राहिलीत त्यांत असे खूप आहेत. ते बॉक्सच्या बॉक्स फोडतात, त्यांना हवं असतं एखाददुसरं दुर्मिळ कार्ड, बाकीची साधी कार्डं चपलांच्या खोक्यात भरून कपाटावर. घर बदलायची वेळ आली की ती कुठे टाकू म्हणून विचारत फिरतात. ती ठोकमध्ये घ्या. सगळी ओरिजिनल, आणि एकेक कार्ड तुम्हाला इतकं स्वस्त पडतं की दहा रुपयाला विकून पण सुटतं. दहा रुपयाची नोट घेऊन आलेल्या पोराला खरं कार्ड मिळतं आणि काय घेतोय ते त्याला दिसतं. नशीब-बिशीब काही नाही. वीस मिनिटं डबा उपसतात, एक घेतात, दुसऱ्या दिवशी "अंकल, नवीन आयलीं?" म्हणत हजर. येताना आई सोबत असते, आईला फाइल हवी असते, कव्हरचा रोल हवा असतो. माझी कमाई तिथे आहे.

घेताना तपासून घ्या मात्र. मागे मोबाईलची टॉर्च धरा, खऱ्या कार्डाच्या कागदाच्या पोटात काळसर थर असतो, उजेड फार आरपार येत नाही. नकलीतून बहुतेक वेळा दिवा लागल्यासारखा दिसतो. पाठीमागचा निळा रंग फिका किंवा जांभळट वाटला तरी सोडून द्या.

तसं बघायला गेलं तर कार्ड हा जन्मापासूनच जोडधंदा. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात सिगारेटचं पाकीट दबू नये म्हणून आत पुठ्ठा घालायचे, त्यावर चित्रं छापायला लागले. मग च्युइंगमवाले आले. टॉप्स कंपनीची १९५२ ची बेसबॉल कार्डं इतकी पडून राहिली की १९६० साली उरलेला माल न्यूयॉर्कजवळ समुद्रात बुडवला, आणि त्याच सेटमधलं मिकी मँटल या बेसबॉलपटूचं एक कार्ड २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. हे ऐकून कोणी सीलबंद बॉक्स कपाटात दडवून ठेवायला जाल तर जरा थांबा. तो माल बुडवला म्हणून तर उरलेल्याला भाव आला. आज सगळं जग बॉक्स दडवून बसलंय, मग टंचाई येणार कुठून? दुकानदाराचं भांडवल फिरलं पाहिजे राव.

आणि दडवणार कुठे, आपल्या पावसात? जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथे पापड सादळतो तसं चमकतं कार्ड वाकतं. वरचा फॉइलचा थर पाणी ओढत नाही, खालचा कागद ओढतो, मग कार्ड धनुष्य होतं आणि गिऱ्हाईक म्हणतं वाकडं आहे, कमी करा. मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो, चपलांच्या, बॅगांच्या खोक्यातून निघणाऱ्याच, फेकायच्या नाहीत. दमट झाल्या की उन्हात. पावसात ऊन कुठलं म्हणाल, तर मंद तव्यावर, पण बायको नसताना.

कार्डाइतकाच खप कव्हरांचा. ६३ बाय ८८ मिलिमीटरचं कार्ड, त्याच्या मापाच्या प्लास्टिक पिशव्या आणि नऊ खणांची पानं मागवा, ए-फोरच्या फाइलीत बसतात, आणि फाइली आपल्याकडे आहेतच. ह्यात पडून राहायची भीती नाही, पोकेमॉन गेलं तर फुटबॉल येईल, खण तेच. फुटबॉलची कार्डं आपल्याकडे वेगळीच चालतात. कोणाचा मामा इंग्लंडात स्विंडनला, तो सुट्टीला येताना मॅच अटॅक्सची, म्हणजे फुटबॉलपटूंच्या कार्डांची, पाकिटं आणतो, आणि रोनाल्डो डबल असलेलं पोर आठवडाभर वर्गाचा राजा.

एक गोष्ट झेरॉक्सवाल्यांनी कटाक्षाने पाळायची. पोरं चारिझार्ड या पोकेमॉनचं कार्ड घेऊन येतात, "अंकल, कलर, जाड पेपरावर, दोन्ही बाजूंनी." गोड बोलतात, पैसे रोख. नाही म्हणायचं. तोच कागद संध्याकाळी लहान पोराच्या गळ्यात मारतात आणि भांडण आपल्या पायरीवर येतं. मोठ्या पोराला लहानाकडून अदलाबदलीत काही घ्यायचं असेल तर ते काउंटरवर आपल्यासमोर होऊ दे, एवढं मी सांगून ठेवलंय. एक बाक टाकलाय बाहेर, पुरतो.

सीलबंद पाकिटं मी अजिबात ठेवत नाही असं नाही. वाढदिवसाला लागतात. काउंटरच्या मागे, एमआरपीला, आणि एका पोराला एका वेळी दोनच. आत भारी कार्ड आहे का ते कोणी चाचपून, वजन करून बघायला मागितलं तर हात जोडायचे.

बाकी ठोक कोणाकडून, काय भाव, हे इथे लिहीत नाही. शुक्रवारचा बाजार सोडून कधीही दुकानात या, शुक्रवारी मला मान वर करायला वेळ नसतो.