माझी आजी नऊ महिन्यांची नाहीये

आज सकाळी आजीचा ब्लड रिपोर्ट मोबाईलवर आला आणि घरात रडारड झाली. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा आकडा, 0.9, पुढे ठळक अक्षरात "हाय", नॉर्मल रेंज 0.2 ते 0.4. बाबा मटकन खालीच बसले, काका किडनीनीच गेले ना आमचे, आई देवापाशी जाऊन बसली आणि मी स्कूटी काढून रामबागेतून तशीच डॉक्टरांकडे. त्यांनी अर्धं मिनिट बघितलं आणि म्हणाले, "अगं, वरती वय बघ."

वय: 0 वर्षं 9 महिने.

माझी आजी मे 1925 ची आहे. इंदूरच्या गादीवर तुकोजीराव होळकर होते तेव्हा जन्मलेली बाई! सॅम्पल घ्यायला आलेल्या पोरानी फॉर्मवर साल लिहिलं "25", कॉम्प्युटरनी त्याचं केलं 2025, आणि शंभरी ओलांडलेल्या बाईचं रक्त तान्ह्या बाळाच्या मापानी मोजलं. मोठ्या माणसाला 0.9 अगदी व्यवस्थित असतं. लॅबला फोन केला तर म्हणे, "मॅडम, सिस्टम ऐसे ही लेता है."

सिस्टम कशाला घेईल हो, कुणीतरी माणसानीच तसं लिहून ठेवलंय ना!

हे दुखणं जुनं आहे. पूर्वी कॉम्प्युटरला माहिती द्यायच्या भोकं पाडलेल्या पंच कार्डवर जेमतेम 80 खाने, मेमरी सोन्याच्या भावाची, म्हणून सालातले 19 गाळून दोनच आकडे ठेवायचे. बरं, तेव्हा त्यांचा नाइलाज होता, एवढं मानते. पण बॉब बेमर नावाचा प्रोग्रामर 1971 मध्येच याबद्दल लिहून सावध करत होता, मेमरीही स्वस्त होत गेली, तरी कुणी हललं नाही. 2000 साल दाराशी आलं तेव्हा, आता कॉम्प्युटर 00 ला 1900 समजणार म्हणून धावाधाव, गार्टनर या सल्लागार कंपनीचा दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाजच 300 ते 600 अब्ज डॉलर होता, आपल्याकडची कितीतरी पोरं रात्र रात्र दुसऱ्यांच्या कोबोल या जुन्या कॉम्प्युटर भाषेतल्या ओळी तपासत बसली. आणि आता लोक खुशाल म्हणतात की वायटूके, म्हणजे हा 2000 सालचा घोळ, नुसता बागुलबुवा होता, काही झालं नाही. अरे, झालं नाही कारण लोक राबले! डोकं फिरतं माझं हे ऐकलं की.

आणि काहीच झालं नाही असंही नाही. इंग्लंडमध्ये शेफील्डला 2000 साली कॉम्प्युटरनी गरोदर बायकांची वयं चुकीची काढली, बाळाच्या डाउन सिंड्रोमच्या तपासणीत आईचं वय धरतात, त्यामुळे 154 जणींना चुकीचा निकाल गेला, त्यावरून दोघींनी गर्भपात केला, आणि धोका कमी आहे असं सांगितलेल्या चौघींना डाउन सिंड्रोम असलेली बाळं झाली. मे महिना उजाडेपर्यंत कुणाला पत्ता नाही. आज त्या रिपोर्टकडे बघताना मला सारख्या त्या बायका आठवत होत्या. आमचं अर्ध्या तासात निस्तरलं. त्यांचं?

दुरुस्ती तरी कशी केली बघा. बऱ्याच ठिकाणी चार आकडे केलेच नाहीत, नुसती एक रेघ मारली. एक्सेलमध्येच कितीतरी वर्षं 00 ते 29 म्हणजे 2000 नंतरचं आणि 30 पासून पुढे 1900 चं, असं होतं. काही प्रोग्रामांत ती रेघ 69 वर आहे, म्हणजे तिथे आमचे 1958 चे बाबा 2058 चे! त्या रेघेच्या अलीकडे कोण जिवंत माणसं राहतील याचा विचारच नाही. म्हाताऱ्या माणसाला कोण विचारतंय म्हणा.

घरी आले तर आजी पलंगावर बसून वाट बघत होती, "काय गं, काय निघालं माझ्यात?" म्हटलं, काही नाही गं आजी, वय चुकवलं त्यांनी. तर ती शांतपणे म्हणाली, "मी तर त्या मुलाला पूर्ण सांगितलं होतं, एकोणीसशे पंचवीस." आणि खरंच, आजी साल कधी अर्धवट सांगत नाही, इंदूरचा राजवाडा जळाला ते एकोणीसशे चौऱ्याऐंशी, आजोबा गेले ते एकोणीसशे ब्याण्णव, प्रत्येक साल अख्खं. आकडे वाचवले ते लिहून घेणाऱ्यानी.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या पोराची तरी काय चूक, त्याच्या फॉर्मवर सालाला चौकोनच दोन छापलेत.

आता 19 जानेवारी 2038 ला आपल्याकडे सकाळी 8:44 वाजता 1970 पासूनचे सेकंद 32 बिटांच्या खान्यात मोजणारी जुनी मशिनं, तो खाना भरल्यामुळे, मागे 1901 मध्ये जाणार आहेत. कुणाकुणाची वयं तेव्हा चुकणार, देव जाणे. हातात वेळ आहे तोवर बदला रे बाबांनो, तुमच्यातले कितीतरी जण याच लाइनमध्ये आहेत.

उद्या सकाळी आजीच्या आधारची झेरॉक्स घेऊन लॅबमध्ये जातेय. 1925 छापलेला रिपोर्ट हातात पडेपर्यंत काउंटरवरून हलणार नाही.