वासू बिनकामाचा

आत्याच्या फोनमध्ये माझं नाव ‘वासू बिनकामाचा’ असं आहे, हे मला परवा इंदूरच्या रामबागेत, पोह्याच्या दुकानावरच्या अख्ख्या गर्दीबरोबर कळलं. पिशवीत आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबली जाऊन टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवणारी फोनमधली सोय, सुरू झाली असावी. फोन सापडेना म्हणून मी रिंग दिली, आणि पिशवीतून जाहीर घोषणा झाली.

आत्याला लाज ना खंत. “मी बोलून फोन लावते. नुसतं वासू म्हटलं की दूधवाला लागतो.”

शेजारचे गृहस्थ पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरत होते. “भिया, बिनकाम वाले आप ही?” तेवढ्यात गॅस सिलिंडरचा कोड आला. फोनने तोही खणखणीत वाचला. गृहस्थ गंभीर झाले. “माताजी, ये किसी को मत बताना. आठ हज़ार चार सौ बाईस. किसी को नहीं!”

“कितना?” कढईमागून पोहेवाला.

“आठ हज़ार चार सौ बाईस. बताना नहीं है.”

मग त्यांनी शेवेच्या बोटांनी फोनच ताब्यात घेतला. टॉकबॅकमध्ये एकदा टेकवलं की फोन नुसतं वाचतो, उघडायला दोनदा टेकवावं लागतं, सरकवायला दोन बोटं. ते एका बोटाने घासत राहिले, फोन बडबडत राहिला. तीच दोन बटणं तीनेक सेकंद दाबा, असं मी सांगत होतो. पण बिनकामाच्याचं कोण ऐकतो?

आत्याला मोतीबिंदू आहे, बोलणारा फोन तिची सोय आहे. पण बोलण्याचा वेग कमी करणं, लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर लपवणं, पासवर्ड मोठ्याने न वाचू देणं, हे सगळं सेटिंगच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांत कोंबलंय! ते शोधायचं कुणी? बँकेच्या खिडकीवर गेलं की “ॲपवर करा”. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, एवढं वाक्य खिडकीवरच्याने म्हाताऱ्यांना तोंडाने सांगितलं तर काय जीभ झिजते?

गृहस्थ मात्र सांगत होते. तोतये पोलीस व्हिडिओ कॉलवर करतात ती डिजिटल अरेस्ट कायद्यात नाहीच, फसलात तर ताबडतोब १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. सगळं बरोबर. शेवटी त्यांनी स्वतःचा फोन पुढे केला. “भिया, ये शादी का कार्ड खुल नहीं रहा, ज़रा देखना.”

फाइलच्या नावाला एपीकेची शेपटी होती, म्हणजे कार्ड नव्हे, फोनमध्ये शिरणारं ॲप.

“शादी किसकी है?” मी विचारलं.

“वोई तो पता नहीं चल रहा!”