तीन शिट्ट्या

३१ जुलै ही रिटर्न भरायची शेवटची तारीख, हे आमच्या घरात जूनपासून सगळ्यांना ठाऊक होतं. कॉम्प्युटरला कोणी सांगितलं नसावं.

नानांच्या पेन्शनचं रिटर्न भरायला सकाळी बसलो. बटण दाबलं, पंखा घुंईं करून फिरला, पडदा काळाच. आणि कॅबिनेटच्या पोटातून टूं टूं टूं.

"दोनदा वाजलं," मी म्हणालो.

"तीनदा," स्वयंपाकघरातून बायको.

"कोण आलंय?" नाना.

मोजण्याला इतकं महत्त्व का, तर बटण दाबल्यावर कॉम्प्युटर लगेच कामाला लागत नाही. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बायोस नावाचा प्रोग्रॅम मुक्कामाला असतो, तो आधी हजेरी घेतो. प्रोसेसर शुद्धीवर आहे का, रॅममध्ये, म्हणजे कामापुरत्या मेमरीत, लिहिलेलं तसंच परत वाचता येतं का, डिस्प्ले कार्ड आहे का, कीबोर्ड आहे का. याला पॉवर-ऑन सेल्फ टेस्ट, थोडक्यात पोस्ट म्हणतात. गंमत अशी की रॅमची तपासणी चालते तेव्हा पडदा जागाच झालेला नसतो. मग तक्रार लिहायची कुठे? म्हणून शिट्टी. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये एक आखूड शिट्टी म्हणजे सगळं ठीक. बिघाडाच्या शिट्ट्यांची मात्र पुढे वेगवेगळी घराणी झाली. अवॉर्ड नावाच्या कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब, दोन आखूड म्हणजे डिस्प्लेचा घोळ. एएमआय कंपनीच्या बायोसमध्ये दोन आखूड म्हणजे पॅरिटीची, म्हणजे मेमरीतल्या बिटांच्या पडताळणीची, चूक, तीन म्हणजे सुरुवातीच्या ६४ केबी मेमरीतच गडबड, आठ म्हणजे डिस्प्लेची मेमरी. आमचा एएमआय घराण्याचा. दोन की तीन, यावर सगळं अडलेलं.

शिट्ट्या परत ऐकायच्या तर परत बंद करून चालू करायचा. केला. नेमका तेव्हाच शेजारच्यांचा कुकर वाजला. तो धरून पाच झाल्या. तिसऱ्या खेपेला बायको हातात उलथनं घेऊन येऊन उभी राहिली, डोळे मिटून. "तीन. वीस वर्षं मोजतेय, मला नको शिकवूस."

तीन म्हणजे रॅम. पावसाळ्यात दमट हवेनं रॅमच्या सोनेरी पट्टीवर मळ धरतो, असं आमचा हार्डवेअरवाला नेहमी सांगायचा. वायर काढली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली, दोन्ही बाजूंचे चिमटे दाबून रॅम उपसली. मुलीच्या कंपासपेटीतलं खोडरबर पट्टीवरून हलकेच फिरवलं. खोडरबर काळं झालं. (मुलीनं नंतर ते माझ्याकडून भरून घेतलं, नवं, वासाचं.) रॅम परत खटकन बसवली. बटण. टूं. एकच! पडदा उजळला आणि पहिली ओळ आली, ती अशी: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ वन दाबा.

कीबोर्डची वायर लावायची राहिली होती, हे कबूल. पण ही भाषा! आमच्या पेठेत 'बेल बंद आहे, दुरुस्तीसाठी बेल वाजवा' अशी पाटी अजून कोणी लावलेली नाही, आणि पाट्यांच्या बाबतीत आम्ही काही मागे नाही.

वायर लावली, एफ वन दाबलं, साइट उघडेना. कोपऱ्यातली तारीख पाहिली: १ जानेवारी २००९. साइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत या हिशेबानं अजून सुरूच व्हायची होती. म्हणजे मदरबोर्डवरचा सेल गेला. वीज नसताना घड्याळ चालू ठेवतो तो.

छत्री घेऊन इलेक्ट्रॉनिक सामानाची तपकीर गल्ली गाठली.

"सीआर २०३२ आहे का?"

"कशाला हवाय?"

"कॉम्प्युटरला. तारीख विसरतो."

"किती जुना?"

"सोळा-सतरा वर्षांचा."

"मग विसरणारच. सेलनं काय होणार?" असं म्हणून त्यांनी सेल काढून दिला. २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, म्हणून २०३२. नावातच मापं सांगणारी वस्तू मला फार आवडते, पण हे त्यांना सांगायला गेलो तर ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले होते.

घरी आलो तर बायको कोथिंबिरीला निघालेली. कुकर गॅसवर. "नाना, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा हं." नानांनी कानाचं मशीन लावलं आणि ओट्यापाशी स्टूल घेऊन बसले.

मी सेल बसवला. कुकर एकदा वाजला. सेटअपमध्ये जाऊन तारीख भरली. कुकर दुसऱ्यांदा वाजला. एफ टेन दाबून सेव्ह केलं, मशीन पुन्हा सुरू झालं, आणि मी श्वास रोखून ऐकलं.

टूं.

"झाल्या रे!" आतून नाना म्हणाले, आणि गॅसचं बटण कट्कन बंद झालं.

रिटर्न बारा वाजेपर्यंत भरलं. एक वाजता बायकोनं पळीनं डाळ दाबून पाहिली आणि नानांकडे बघितलं.

"दोनच झाल्या असणार."

"तीन," नाना म्हणाले. "मशीन लावून मोजल्यात."

मी ताटात बघत, कचकचणारं वरण भातावर कालवत राहिलो.